नातीचं कॅथेटर आहे, घराने काय करायचं?

प्रश्न : आमची नात पाच वर्षांची आहे. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या डॉक्टरांना तिच्या छातीत वेगळा आवाज ऐकू आला. पुढे बांबोळीच्या हॉस्पिटलात हृदयाचा इको केला, तेव्हा हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असल्याचे कळले. आता कॅथेटर घालून ते बुजवायचे ठरले आहे. पायाच्या शिरेतून नळी थेट हृदयात जाते हे ऐकून मला नवल वाटते आणि तिच्या आजीला धडकी भरते. ही नळी जाते तरी कशी? आणि आम्ही घरच्यांनी कसली तयारी करावी? घरात तिचे आईवडील, काका-काकू, आम्ही दोघे आणि तिचा आठ वर्षांचा भाऊ आहोत.
— एक आजोबा, पेडणे तालुका

उत्तर : आजोबा, आधी तुमच्या नवलाचं बघू. नळीची वाट समजली की आजींची धडकीही थोडी ओसरेल.

जांघेत, कातडीपासून फारशी खोल नाही अशी एक जाड नीला असते. ती वर पोटातल्या महानीलेला मिळते आणि महानीला हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात उघडते. पेडण्याहून हमरस्त्याला लागलेली गाडी जशी म्हापसा, पर्वरी, पणजी करत कुठेही आत न वळता बांबोळीला पोचते, तशी ही वाट सरळ आहे. जांघ निवडण्याचं आणखी एक कारण आहे. नळी काढल्यावर रक्त थांबवण्यासाठी तिथे दाबून धरावं लागतं आणि शिरेच्या मागे हाड असल्यामुळे तो दाब नीट बसतो.

नळीची जाडी ‘फ्रेंच’ या मापात मोजतात. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलीमीटर. लहान मुलांच्या तपासणीला बहुतेक वेळा चार ते सहा फ्रेंचची नळी पुरते, म्हणजे दोन मिलीमीटर किंवा त्याहून कमी. भोक बुजवायचं असेल तर थोडी जाड लागते. टाके घालावे लागतील असा छेद नसतो, टोचल्याची खूण तेवढी राहते. शिरेच्या आतल्या बाजूला नळी सरकलेली जाणवत नाही. तरीही मुलं स्थिर राहावीत म्हणून त्यांना बहुधा भूल देऊन झोपवतात.

हे पहिल्यांदा केलं ते वेर्नर फोर्समान या पंचविशीतल्या जर्मन डॉक्टरने, १९२९ मध्ये आणि तेही स्वतःवर. वरिष्ठांची परवानगी नव्हती. उपकरणं एका नर्सच्या ताब्यात होती. ‘माझ्यावरच करा’ म्हणून ती तयार झाली, तर त्याने तिला टेबलावर बांधून ठेवलं आणि नळी आपल्याच दंडाच्या शिरेत सरकवली. मग जिना उतरून तो एक्स-रेच्या खोलीत गेला आणि नळीचं टोक हृदयात पोचल्याचं चित्र काढून घेतलं. तेव्हा त्याला बोलणीच खावी लागली. १९५६ मध्ये त्याच कामासाठी त्याला आणखी दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं. लहान मुलांच्या उपचारात मोठा पल्ला गाठला तो अमेरिकेतल्या विल्यम रॅशकाइंड यांनी. १९६६ मध्ये त्यांनी फुगा लावलेली नळी वापरून जन्मतः निळ्या पडलेल्या बाळांच्या हृदयात रक्त मिसळायला वाट करून दिली. छाती न उघडता केलेला तो उपचार होता.

तुमच्या नातीच्या बाबतीत डॉक्टर आधी मोजमाप घेतील. हृदयाच्या उजव्या बाजूच्या रक्तात प्राणवायूचं प्रमाण एरवी ७० ते ७५ टक्क्यांच्या आसपास असतं, डाव्या बाजूला ते ९५च्या वर असतं. पडद्याला भोक असलं की डावीकडचं रक्त उजवीकडे येतं आणि उजवीकडचा आकडा वाढतो. कप्प्याकप्प्यातला दाबही मोजतात. मग भोकाचं माप आणि भोवतीचा काठ पाहून दोन चकत्यांचं एक उपकरण नळीतून नेऊन पडद्याच्या दोन्ही बाजूंना उघडतात. हॉस्पिटलात त्याला कुणी ‘छत्री’ म्हणतं, कुणी ‘बटन’. ते निकेल आणि टायटॅनियम यांच्या मिश्रधातूच्या तारेचं असतं. ताणून नळीत भरलं तरी बाहेर येताच ती तार आपला मूळ आकार घेते. पुढच्या काही महिन्यांत त्यावर हृदयाचंच अस्तर चढतं.

हे सगळं साधारण एक ते तीन तासांत होतं. ते तास डॉक्टरांचे. त्याआधीचे आठ दिवस आणि नंतरचे सहा तास मात्र घरच्यांचे असतात आणि तुमची खरी तयारी त्यांच्यासाठीच हवी.

प्रश्न : तिला आधी सांगावे का? आई म्हणते सांगू, आजी म्हणते नको, पोर घाबरेल.

उत्तर : सांगावं, आणि घरातल्या सगळ्यांनी एकच सांगावं. आई म्हणाली ‘हॉस्पिटलात जायचं’, काका म्हणाले ‘पणजीला फिरायला’ आणि शेजारच्या पोराने सांगितलं ‘तुझं काळीज कापणार’, तर ती शेजारच्या पोरावरच विश्वास ठेवेल. आधी सगळ्या मोठ्यांनी एकत्र बसून काय बोलायचं ते ठरवून घ्या.

कधी सांगायचं हे वयावर असतं. दोन-तीन वर्षांच्या मुलाला आदल्या दिवशी सांगितलं तरी पुरतं. पाच वर्षांच्या मुलीला तीन-चार दिवस आधी सांगा. शाळकरी मुलांना आठवडाभर अगोदर. त्याहून मोठ्यांना तारीख ठरवतानाच बोलण्यात घ्यावं.

सांगायचं ते थोडं आणि खरं असावं. ‘तुझ्या हृदयात आतल्या दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीला एक भोक आहे. तिथून रक्त बाहेर सांडत नाही, आतल्या आतच फिरतं. डॉक्टर तुला झोपेचं औषध देतील आणि तू झोपेत असताना ते बंद करतील. जागी झालीस की मांडीला पट्टी असेल आणि पाय थोडा वेळ सरळ ठेवावा लागेल.’ सुई टोचणार असेल तर ‘टोचेल, थोडं दुखेल’ असं सांगा. ‘काही दुखत नाही’ म्हणून फसवलंत, तर पुढच्या प्रत्येक तपासणीला ती तुमचा हात झिडकारेल. झोप लागेपर्यंत आईला आत राहू देतात का, हे आधी विचारून घ्या. तोवर तसं वचन देऊ नका. एरवी ‘दंगा केलास तर डॉक्टर सुई मारतील’ असं म्हणायची घरात सवय असेल, तर ती आजपासून बंद.

बोलण्याहून खेळ जास्त कामाला येतो. तिच्या बाहुलीच्या मांडीला पट्टी बांधा आणि बाहुलीला उताणी झोपवा. ‘हिचा पाय वाकला तर ही हरली’ असा खेळ मांडा आणि मग तोच खेळ नातीबरोबर खेळा. हॉस्पिटलातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच आहे. शुद्धीवर आल्यावर चार ते सहा तास पाय न वाकवता पडून राहायचं असतं आणि पाच वर्षांच्या पोरीला सुईपेक्षा ते जड जातं. आजींना इथेच कामाला लावा. आपल्या गोष्टींचा साठा त्यांनी त्या दुपारसाठी राखून ठेवावा. हातात काम आलं की त्यांची भीतीही कमी होईल.

भावाला विसरू नका. आठ वर्षांच्या मुलाच्या मनात दोन गोष्टी हमखास येतात. ‘मी तिला ढकललं म्हणून झालं का?’ आणि ‘आता मलाही होणार का?’ हा दोष तिला जन्मापासून आहे, तो कुणाच्या मारण्याने झालेला नाही आणि संसर्गानेही होत नाही, हे त्याला वेगळं बसवून सांगा. बहिणीबरोबर न्यायचं खेळणं निवडायचं काम त्याच्याकडे द्या.

प्रश्न : उपाशी ठेवायचे म्हणतात. किती वेळ? पेज चालेल का?

उत्तर : पेज चालत नाही. पेजेचं वरचं निवळ पाणीही अन्नातच धरा. सर्वसाधारण नियम असा असतो. जड, तेलकट जेवणानंतर आठ तास, हलक्या खाण्यानंतर सहा, गाई-म्हशीच्या किंवा डब्याच्या दुधानंतर सहा, आईच्या दुधानंतर चार आणि साध्या पाण्यानंतर दोन. दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही. तुमच्या भूलतज्ज्ञांनी कागदावर लिहून दिलेली वेळ मात्र यापेक्षा वरचढ. ती घड्याळ लावून पाळा. पोट भरलेलं असताना भूल दिली आणि उलटी झाली, तर ती फुप्फुसात जाऊ शकते.

घरून पहाटे निघणार असाल तर एक खबरदारी घ्या. पोदेराचा भोंपू वाजला की मूल पाव मागतंच. त्या सकाळी घरात कुणीही तिच्यासमोर खाऊ नये, भावानेसुद्धा. ‘बिचारी उपाशी आहे’ म्हणून काकूने कोपऱ्यात नेऊन बिस्किट दिलं, तर तिचा त्या दिवसाचा नंबर हुकतो. आणि दिलंच असेल तर ते लपवू नका. तारीख पुढे गेलेली परवडली.

याची उलट बाजूही लक्षात ठेवा. गरजेपेक्षा जास्त वेळ तहानलेलं ठेवू नका. विशेषतः ओठ-नखं निळी पडणाऱ्या मुलांचं रक्त आधीच दाट असतं. पाणी फार वेळ तुटलं तर रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. परवानगीच्या शेवटच्या मिनिटापर्यंत त्यांना पाणी पाजा आणि नंबर लांबला तर नर्सला विचारा.

प्रश्न : आजीने देवीला नवस बोलला आहे. शिवाय तारीख चवथीच्या तोंडावर आली आहे. पुढे ढकलावी का?

उत्तर : नवसाला डॉक्टरांची हरकत नसते. देवाचा कौल घ्यायचा असेल तर तो तारीख पक्की होण्याआधी घ्या. भरती झाल्यावर मागे फिरण्यात कुणाचंच भलं नाही. चवथीबद्दल थेट डॉक्टरांनाच विचारा. पडद्याचं असं भोक बुजवण्याचं काम बहुधा ठरवून करायचं असतं आणि मुलाची तब्येत ठीक असली तर दोन-चार आठवडे इकडेतिकडे झालेले चालतात. पण मूल निळं पडत असेल, वजन धरत नसेल किंवा धाप लागत असेल, तर सणासाठी थांबू नये.

आजींशी आधीच बोलून ठेवावी अशी गोष्ट म्हणजे करदोडा. कमरेचा काळा दोरा किंवा चांदीचा करदोडा नेमका जांघेजवळ येतो. तिथली कातडी निर्जंतुक करायची असते आणि धातू एक्स-रेत आड येतो. पायातले वाळे, गळ्यातला ताईत, हातातल्या बांगड्याही काढाव्या लागतात. टेबलाकडे नेताना नर्सने कात्री लावली की घरातल्या बायका रडकुंडीला येतात आणि त्यांना बघून मूल घाबरतं. त्यापेक्षा आदल्या संध्याकाळी दृष्ट काढून झाल्यावर आजींनीच आपल्या हाताने तो सोडवून देव्हाऱ्यात ठेवावा. घरी आल्यावर जखम सुकली की पुन्हा बांधावा. अंगारा कपाळाला लावा, जांघेला नको. तेल, हळद, पावडर यांतलं काहीच तिथे लावू नये.

आधीच्या आठवड्यात ताप, सर्दी, खोकला, जुलाब किंवा जांघेत पुरळ, गळू दिसलं तर निघण्यापूर्वीच फोन करा. खाणपट्ट्यात राहणाऱ्यांना धुळीचा खोकला अंगवळणी पडलेला असतो. तोही भूलतज्ज्ञांच्या कानावर घाला. चालू असलेली सगळी औषधं, काढे आणि गावठी मुळ्यासुद्धा सांगा. दाताला कीड असेल तर आधी दंतवैद्याकडे जा, कारण तिथले जंतू रक्तातून हृदयापर्यंत जाऊ शकतात. घरात कुणी गरोदर असेल तर तिने एक्स-रेच्या खोलीपासून दूर राहावं.

प्रश्न : माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. फुप्फुसाकडे जाणारी झडप अरुंद म्हणून फुगा घालून उघडणार आहेत. संमतीच्या फॉर्मवर मृत्यूचा धोकाही लिहिला आहे. तो वाचून मी सही न करताच परतले. मुलाने तो वाचू नये म्हणून फॉर्म लपवून ठेवला आहे.
— एक आई, मये, डिचोली

उत्तर : फॉर्मवर घडू शकणारं सगळं लिहावंच लागतं. त्यातलं आपल्या मुलाच्या बाबतीत किती संभवतं, हे विचारणं तुमचा हक्क आहे. झडप फुग्याने उघडण्याचा हा उपचार १९८२ मध्ये अमेरिकेतून प्रथम प्रसिद्ध झाला. आज या दोषावर बहुतेक मुलांसाठी तोच पहिला उपचार आहे.

कॅथेटरच्या धोक्यांत टोचलेल्या जागी रक्त साकळणं किंवा वाहणं, पायाची नाडी काही काळ मंद होणं, ठोके अनियमित होणं, एक्स-रेसाठी टोचलेल्या रंगद्रव्याची ॲलर्जी, क्वचित जंतुसंसर्ग असे प्रकार येतात. छत्री जागेवरून सरकणं, मेंदूला इजा होणं किंवा जीव जाणं हे विरळा, पण घडू शकतं. मूल जितकं लहान, वजन जितकं कमी आणि दोष जितका गुंतागुंतीचा, तितका धोका जास्त.

सही करण्याआधी एका कागदावर प्रश्न लिहून न्या आणि उत्तरं त्यावरच टिपून घ्या. ही नुसती तपासणी आहे की उपचारही त्याच वेळी होणार? या वयाच्या आणि वजनाच्या मुलाला इथे गंभीर त्रास किती वेळा झाला आहे? काम झालं नाही तर पुढे काय? गरज पडली तर शस्त्रक्रिया करणारे सर्जन इथेच आहेत की दुसरीकडे न्यावं लागेल? आत काही झालं तर बाहेर येऊन आम्हाला कोण सांगेल? पाचवा प्रश्न बहुतेक जण विसरतात आणि मग दाराबाहेर बसून दर दहा मिनिटांनी घाबरतात.

मुलाला फॉर्म दाखवा. तेरा वर्षांच्या मुलाकडे मोबाइल असतो. तुम्ही लपवाल ते तो शोधून काढेल आणि भलतंसलतं वाचेल. त्यापेक्षा डॉक्टरांसमोर त्याला स्वतः विचारू द्या. या वयात जांघेची लाजही मोठी असते. कपडे कधी काढतात, पांघरूण असतं का, हे विचारायला तो धजणार नाही. वडिलांनी किंवा मामाने त्याच्या वतीने ते हळूच विचारून ठेवावं.

पेडण्याच्या आजोबांसाठीही एक सूचना आहे. घराने तीन निकालांची तयारी ठेवावी. छत्री बसली, हा पहिला. भोकाचा काठ पुरेसा नाही असं आत गेल्यावर दिसलं म्हणून बसवली नाही आणि शस्त्रक्रिया सुचवली, हा दुसरा. भोक अगदी लहान निघालं, सध्या नुसती देखरेख पुरे, हा तिसरा. छत्री न बसवता बाहेर आलेले डॉक्टर अपयशी ठरत नाहीत. पुष्कळदा तोच शहाणपणाचा निर्णय असतो.

प्रश्न : खर्चाचे आणि कागदपत्रांचे काय?

उत्तर : अंगणवाडीत आलेलं पथक बहुधा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं असावं. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि जन्मजात हृदयदोष त्याच्या यादीत आहे. त्या पथकाची चिठ्ठी जपून ठेवा. गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ ची. तिची मर्यादा तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख अशी ठरवलेली आहे. कार्डाची मुदत संपलेली नाही ना, मुलीचं नाव त्यावर आहे ना आणि तुमची प्रक्रिया यादीत बसते ना, हे भरतीआधी विचारा. मंजुरी आधी, भरती नंतर. गोव्याबाहेर पाठवणार असतील तर हे सगळं दुप्पट आधी करा. इकोचे रिपोर्ट, रक्तगट, आईवडिलांची ओळखपत्रं आणि मूळ कागदांच्या दोन-दोन प्रती एकाच पिशवीत ठेवा आणि पिशवी एकाच माणसाच्या हाती द्या.

प्रश्न : घरी आणल्यावर काय जपायचे?

उत्तर : सगळं सुरळीत झालं तर बहुधा एक-दोन दिवसांत घरी सोडतात. पट्टी काढल्यावर जागा कोरडी ठेवा. आठवडाभर तळी, ओहोळ, समुद्र बंद. अंग पुसून घ्या किंवा थोड्या पाण्याने आंघोळ घाला. धावणं, सायकल, झाडावर चढणं आठवडाभर नको. छत्री असेल तर धक्काबुक्कीचे खेळ काही महिने बंद, त्याची मुदत डॉक्टर सांगतील.

टोचलेल्या जागेतून रक्त आलं तर तिला झोपवा, जागेच्या किंचित वर बोटांनी घट्ट दाबून धरा आणि १०८ला फोन करा. पाय थंड, पांढरा किंवा निळा पडला, ताप आला, छातीत धडधडलं किंवा चक्कर आली, तर सकाळची वाट पाहू नका. हळर्ण, चांदेल किंवा साळसारख्या आतल्या गावात राहत असाल, तर रात्री जवळ कोणतं आरोग्य केंद्र उघडं असतं आणि गाडी कुणाची मिळेल हे आधीच ठरवून ठेवा.

छत्री बसवल्यावर साधारण सहा महिने ॲस्पिरिनची छोटी मात्रा देतात. ती आपल्या मनाने थांबवू नका. त्या काळात कांजिण्या किंवा फ्लू झाला तर लगेच कळवा, कारण त्या आजारांत ॲस्पिरिन मुलांना धोक्याचं ठरू शकतं. दात काढायचा असेल तर दंतवैद्याला छत्रीबद्दल सांगा. छत्रीचं कार्ड जपा आणि एमआरआय करायची वेळ आली तर आधी दाखवा. मोपाच्या विमानतळावर तपासणीच्या दारातून नात बिनधास्त जाऊ शकते.

प्रश्न : मुलीची जात. पुढे लग्न, बाळंतपण यात अडचण येईल का?

उत्तर : आजोबा, हा प्रश्न तुम्ही पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिला आहे. खरं तर तोच घरात सगळ्यात जास्त बोलला जात असणार. फक्त हाच दोष असेल आणि लहानपणीच व्यवस्थित बंद झाला असेल, तर बहुतेक मुली पुढे इतरांसारखंच आयुष्य जगतात आणि त्यांना मुलंबाळंही होतात. गरोदरपणाआधी एकदा हृदयतज्ज्ञांना भेटावं, एवढंच. छातीवर वण राहत नाही.

अडचण होते ती ‘हृदयाची पोर’ हे नाव चिकटल्याने. त्याला सुरुवात घरातून होते आणि ते पुरं होतं शाळेत. ठरवून दिलेल्या तारखांना इको करत राहा आणि डॉक्टरांनी खेळायची मोकळीक दिली की ती त्यांच्याकडून लेखी घ्या. त्याची एक प्रत शाळेच्या बाईंकडे द्या. नाहीतर भोक बुजल्यानंतरही वर्षानुवर्षं पी.टी.च्या तासाला तिला सावलीत बसवून ठेवतील.